न टेकलेले बोट

मी फळी बोलते आहे. फळा नव्हे, फळी. हा भेद आरंभीच सांगितलेला बरा, कारण वर्गात येणाऱ्या परक्या माणसाची नजर आधी फळ्याकडे जाते, आणि चुकून माझ्याकडे वळलीच, तर "हा पाट कुणाचा?" असा प्रश्न येतो. फळ्यावर एक जण लिहितो आणि बाकीचे मुकाट्याने उतरवून घेतात. माझ्यावर कोणी लिहीत नसे. माझ्यावर चौघे मिळून वाक्य मांडत. माझ्या आयुष्यात जे थोडे सुखाचे दिवस आले, ते एवढ्या एका फरकामुळे आले; आणि पुढे जी माती झाली, तीही त्याच्यामुळेच.

माझा जन्म एका कपाटाच्या मोडीतून झाला. कपाटाची पाठ वाळवीने खाल्ली होती, पण दार शाबूत होते. ते कपाट व्याकरण शिकवणाऱ्या बाईंच्या घरचे. बाईंचे सासरे सुतार. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी धंदा सोडला होता, हत्यारे मात्र सोडली नव्हती. एके दिवशी बाईंनी ते दार त्यांच्यापुढे आडवे टाकले.

"बाबा, याच्यात मला तीन खाचा हव्यात. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"कशाला? चमचे ठेवायला?"

"शब्द ठेवायला."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सूनबाई, आजवर माणसं बसतील असं केलं, कपडे राहतील असं केलं. शब्द बसवायला काही केलं नाही. त्यांची मापं काय?"

"लहानमोठी. तुमच्या बोलण्यासारखी."

"म्हणजे मोठीच घ्या," आतून सासूबाई म्हणाल्या. "लहान बोलणं या घरात कुणी ऐकलंय?"

अशा हसण्याखिदळण्यात मी घडले. रंधा फिरला, पटाशी चालली, पॉलिशपेपरने माझी कूस न कूस घासली गेली. सासऱ्यांचा हट्ट एवढाच होता, की ठोकळा एका बोटाने ढकलला तर सरकला पाहिजे, पण फळी उभी धरली तरी गळून पडता कामा नये. त्यासाठी त्यांनी एकेक खाच तीनतीनदा तासली. राहिलेल्या लाकडाचे ठोकळे झाले. बाईंनी त्यांवर शब्द लिहिले, सासऱ्यांनी ते कोरले. नामांच्या कडा निळ्या, विशेषणांच्या पिवळ्या, क्रियापदांच्या तांबड्या. प्रत्ययांचे चिंचोळे तुकडे बिनरंगाचेच राहिले. मुलांनी पुढे त्यांचे नाव 'शेपट्या' ठेवले. माझ्यामागून आणखी काही फळ्या झाल्या, मुलांच्या प्रत्येक गटाला एक. मी त्यांतली थोरली.

शाळा दुमजली होती. जिन्याखाली पाण्याचे पिंप, वर लांबच लांब सज्जा, आणि सज्ज्याच्या टोकाला आमचा वर्ग. त्या वर्गात पूर्वी व्याकरण कसे शिकवीत, हे मला शेजारच्या वर्गामुळे कळे; तिथे अजून तेच चाले. व्याख्या म्हणा, पुन्हा म्हणा, चुकलास तर उभा राहा. मुलांचा आवाज पावसाच्या पन्हळीसारखा एकसुरी वाहत असे, आणि तो थांबला की मागे काही उरत नसे.

बाईंची रीत निराळी होती. गटात चार मुले. एकाकडे नामे, एकाकडे विशेषणे, एकाकडे शेपट्या आणि 'रोज', 'फार' असे न बदलणारे शब्द, एकाकडे क्रियापदे. नियम दोनच. पहिला, दुसऱ्याच्या ठोकळ्याला हात लावायचा नाही. हवा असेल तर मागायचा, आणि का हवा ते सांगायचे. दुसरा, वाक्य पुरे झाले असे वाटले की प्रत्येकाने त्यावर आपले बोट टेकवायचे. चारही बोटे टेकली तर वाक्य पुरे. एकाने जरी बोट आवरून धरले, तरी वाक्य अपुरे. मग त्याला पटवा, नाहीतर वाक्य बदला. बाई शेवटी येत. त्या आधी बोटे पाहत आणि मग शब्द.

"बोट म्हणजे सही," त्या म्हणत. "न पटलेल्या गोष्टीवर सही करायची नाही. मग समोर कुणीही असो."

माझ्याभोवती जो गट बसे, त्यातल्या नामे सांभाळणाऱ्या मुलाला सारे 'वकील' म्हणत. तो झोपेतही वाद घालत असावा. विशेषणांची मालकीण 'टाचणी'. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार. शेपट्या 'ढब्बू'कडे होत्या, कारण त्या बारीक तुकड्यांचा हिशेब ठेवण्याइतका सोशिकपणा गटात त्याच्याचकडे होता. आणि क्रियापदे होती 'गोगलगाय'कडे.

ही मुलगी बोलत नसे. मुकी नव्हती, सज्ज्यात मैत्रिणीच्या कानाशी लागून बोलताना मी तिला ऐकले होते. पण वर्गात नाव पुकारले की तिची मान खाली जाई ती वर येत नसे. आदल्या वर्षी तोंडी परीक्षेत मुख्याध्यापकांनी तिला विचारले, "क्रियापद म्हणजे काय?" तिला ते येत होते. ती उभी राहिली, उभीच राहिली, आणि त्याच इयत्तेत पुन्हा बसली.

बाईंनी तिला क्रियापदे दिली, त्यामागे विचार होता. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा शेवटी येते. वकिलाने कितीही झोकात नाम मांडावे, टाचणीने त्याला कितीही नटवावे. गोगलगायीने आपला तांबड्या कडेचा ठोकळा सरकवल्यावाचून कशालाच अर्थ येत नसे. सगळ्यांना तिच्यासाठी थांबावे लागे. जिच्यासाठी कधी कोणी थांबले नव्हते, तिच्याकडे तीन डोकी रोज आशेने पाहू लागली.

एकदा त्यांनी 'माझी मोठी बहीण रोज भांडते' असे मांडले. वकिलाला घरचा अनुभव वेगळा असावा. त्याने 'बहीण' काढली आणि 'भाऊ' बसवला.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?" टाचणी कडाडली. "'माझी मोठी भाऊ'? माझे दोन्ही ठोकळे बदलावे लागणार. बदललास तू एक आणि राबायचं मी?"

"मग नको बदलू. माझं नाम बरोबर आहे."

"तुझं एकट्याचं बरोबर असून काय चाटायचंय?"

 गोगलगायीने 'भांडते' हा ठोकळा मागे ओढून घेतला, 'भांडतो' हा हातात धरला, आणि टाचणीचे होईपर्यंत तशीच थांबली. बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घरात एक पाहुणा आला, की सगळ्यांना सरकून बसावं लागतं. व्याकरण म्हणजे दुसरं काय?" तो धडा त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागला नाही. त्यांच्या हातांनीच तो लक्षात ठेवला.

पण त्या वर्षी गोगलगायीवर टांगती तलवार होती. तिचा बाप टेम्पो चालवीत असे. पालकांच्या बैठकीला तो अंगात खाकी सदरा तसाच ठेवून आला, आणि उभ्याउभ्याच बाईंना म्हणाला, "बाई, खरं सांगतो, यंदाही त्याच वर्गात राहिली तर मी पुढं नाही शिकवणार. तिच्या आत्याचं शिवणाचं दुकान आहे. काजं-बटणं करील. पोरीला हसतात हो सगळे."

"वर जाईल ती."

"बोलत तर नाही."

"तोंडाने नाही बोलत. हातांनी बोलते. एकदा येऊन बघा."

"मला कुठं सवड," तो म्हणाला आणि गेला. माणूस वाईट नव्हता. लेकीची फजिती त्याला पाहवत नव्हती, आणि ती थांबवण्याचा दुसरा उपाय त्याला ठाऊक नव्हता.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मला काखोटीला मारूनच गेल्या, म्हणून ते बोलणे मी ऐकले.

"सर, तोंडी परीक्षेऐवजी तिला हे करू द्या. गटात. तुमच्या डोळ्यांदेखत."

मुख्याध्यापक नीटनेटके गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावरची दौतसुद्धा काटकोनात असे. त्यांनी मला उलटीपालटी करून पाहिले. "बाई, तुमच्या वर्गावरून जाताना मला वाटतं, आत लिलाव चाललाय. व्याकरण हा शांतपणे पाठ करण्याचा विषय आहे."

"पाठ तिला आहे, सर. म्हणता येत नाही."

"मग आहे कशावरून?"

"म्हणून तर ही फळी आणलीय."

पुढच्या पंधरवड्यात तपासणीसाठी मोठे साहेब यायचे होते, आणि वर्गात मुले हातांनी, मिळून काही करताना दिसावीत अशी वरून सूचना होती. मुख्याध्यापकांना हे ठाऊक होते.  "ठीक आहे. साहेबांसमोर तिच्या गटाने वाक्य करून दाखवावं. तिचा वाटा त्यात मला दिसला, तर मी तिला वर घालतो. शब्द देतो."

बाईंनी परत येताना जिन्यावर मला छातीशी घट्ट धरले होते. आता वाटते, ते त्यांनी करायला नको होते. आशेने धरलेली वस्तू हातातून जाते तेव्हा हातही घेऊन जाते.

मुले तयारीला लागली. गोगलगाय तर मधल्या सुटीतही माझ्यापाशी येऊन बसे, आणि हातात मावतील तितकी क्रियापदे घेऊन त्यांच्या कडा चाचपत राही. शनिवारी मुख्याध्यापक रंगीत तालीम पाहायला आले. आणि नेमके त्याच दिवशी त्या चौघांना सुचायचे ते सुचले.

मुख्याध्यापक भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातात त्यांची जुनी छत्री होती. तिच्यातून पाणी ठिबके, हे शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही ठाऊक होते. वकिलाने इकडे तिकडे पाहिले आणि 'सर' मांडला, शेजारी थोडी जागा सोडून 'छत्री' मांडली. ढब्बूने 'सर'ला शेपटी लावली. टाचणीने 'जुनी' ठेवले. मग कुजबुज झाली, कुजबुजीचे भांडण झाले, वकील म्हणाला 'फाटते', टाचणी म्हणाली 'हरवते', दोघे एकमेकांवर खेकसले. ढब्बूने मधल्या मध्ये 'रोज' ठेवून दिले. शेवटी तिघांनी गोगलगायीकडे पाहिले. तिने एक ठोकळा उचलला, हळूच सरकवला, आणि ओठ आत घेऊन हसू दाबले. चारही बोटे खाडकन टेकली.

'सरांची जुनी छत्री रोज रडते.'

वर्ग फुटला. पोरे बाकांवर हात आपटून हसली. मी दाराची फळी आहे, अनेक वर्षे मुकाट उघडझाप केलेली. पण त्या दिवशी मलाही वाटले, की आपल्याला दात असते तर बरे झाले असते.

"छत्री रडते?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"'गळते' असा ठोकळाच नाही, सर," वकील अदबीने म्हणाला. "म्हणून तिने 'रडते' घेतलं."

बाई पुढे आल्या. "सर, बघितलंत ना? नसलेल्या शब्दाचं काम तिने असलेल्याकडून करून घेतलं. हाच तिचा वाटा."

मुख्याध्यापकांना वाटा दिसला नाही. त्यांना आरडाओरडा दिसला, खेकसणे दिसले, आणि साहेबांसमोर आपली छत्री रडताना दिसली. ते निघून गेले.

ते दुष्ट नव्हते, हेही मी सांगते. दुष्ट असते तर माझे काम सोपे झाले असते. त्यांना खरोखरच त्या मुलीचे भले करायचे होते. चूक झाली की मूल नापास होते, म्हणून चूक होण्याची सोयच काढून टाकावी, इतका सरळ त्यांचा विचार होता. शाळा सुटल्यावर त्यांनी शिपाईमामांना बोलावले. मामांच्या एका हातात लाकूड चिकटवायच्या सरसाचे भांडे होते आणि दुसऱ्यात मी.

मुख्याध्यापकांनी स्वतः ठोकळे निवडले. अगदी मन लावून निवडले, एकदा मागेपुढे करूनही पाहिले. माझ्या मधल्या खाचेत त्यांनी शब्द लावले : 'आमची शाळा फार सुंदर आहे.'

"सर, एकदा सरस बसला की निघायचं नाही हं," मामा म्हणाले.

"निघू नये म्हणूनच."

"मग पोरांनी करायचं काय?"

"बोट ठेवून वाचायचं. कृती झाली, एकत्र झाली, आणि चुकीचं काही झालं नाही. अजून काय पाहिजे?"

मामांनी खांदे उडवले. "वरची आणि खालची खाच रिकामी दिसतेय."

"त्यात कागदी फुलं खोचा."

गरम सरस माझ्या खाचेत उतरला. ज्या खाचा एका म्हाताऱ्याने, ठोकळा एका बोटाने सरकावा म्हणून, कापऱ्या हातांनी तीनतीनदा तासल्या होत्या, त्यांतली मधली कायमची बुजली. मला रंधा लागला तेव्हा दुखले नव्हते. तेव्हा मी काहीतरी होत होते. उरलेले ठोकळे मामांनी गोणपाटात भरून अडगळीच्या खोलीत टाकले.

सोमवारी साहेब आले. मला फुलांसकट तिवईवर उभी केली होती. बाईंनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला, त्या पुढे झाल्या तोवर साहेब दारात होते, आणि मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, आता काही नको. मुलांना सांगा, नुसतं बोट ठेवून वाचा."

मुलांना नीट सांगण्याइतका वेळ मिळालाच नाही. चौघे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. गोगलगायीचे केस तिच्या आईने त्या दिवशी पाणी लावून चापून विंचरले होते. तिने प्रथम इकडे तिकडे आपले ठोकळे शोधले. ते नव्हते. मग तिने 'आहे' या ठोकळ्याला बोट लावून तो मागे ओढून पाहिला. हलला नाही. दोन बोटांनी ओढला. नखाने कड उचकटून पाहिली. आत मीही जीव खाऊन सैल व्हायला पाहत होते. पण सरस हा सरस असतो.

"वा!" साहेब म्हणाले. "वाक्य अगदी निर्दोष आहे. हे तुम्ही मिळून केलंत?"

वकिलाने तोंड उघडले. मुख्याध्यापकांनी त्याच्याकडे पाहिले. माझ्या माहितीत तेव्हा प्रथमच त्या मुलाने तोंड मिटले. त्याचे बोट माझ्यावर टेकले. मग टाचणीचे टेकले, मग ढब्बूचे. तिन्ही बोटे गार होती.

चौथे टेकले नाही.

"बाळ, तू का नाही बोट ठेवत?" साहेबांनी वाकून विचारले.

तिची मान खाली गेली. मला वाटले, संपले. बाईंनी डोळे मिटून घेतले. आणि तेव्हा त्या मुलीने मान वर केली, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"हे वाक्य आम्ही केलेलं नाही. हे चिकटवलंय. न केलेल्या वाक्यावर मी बोट ठेवणार नाही."

तीन वाक्ये. तीनही पुरी, तीनही तिची स्वतःची, आणि शेवटच्या शब्दापर्यंत आवाज न कापता म्हटलेली. ज्या तोंडातून दोन वर्षांत वर्गाला एक शब्द मिळाला नव्हता, त्या तोंडातून ती आली. व्याकरणाची परीक्षा याहून निराळी असते असे कोणी म्हणत असेल, तर मला त्या व्याकरणाशी काही कर्तव्य नाही.

 मग साहेब हसले.

"चुणचुणीत दिसते. पण जरा हट्टी आहे का?"

"मंद आहे, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले. "दुसऱ्यांदा त्याच वर्गात बसलीय. हिला काय म्हणायचंय ते हिलाच कळत नाही."

साहेबांनी माझा फोटो काढला. तिला जरा बाजूला उभे राहायला सांगितले, म्हणजे फुले नीट यावीत. जाताना शाळेच्या वहीत शेरा लिहिला. मुख्याध्यापकांनी तो सज्ज्यात उभे राहून मोठ्याने वाचला : कृतीतून आणि सहकार्यातून व्याकरण शिकवण्याचा हा आदर्श नमुना होय.

त्याच दुपारी बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. मी तोवर तिथे पोचले होते; माझ्यासाठी भिंतीत खिळे ठोकणे चालू होते.

"सर, तिला पुन्हा संधी द्या. दुसरी फळी आहे, आता घेऊन येते. इथेच, फक्त तुमच्यासमोर."

"संधी दिली होती, बाई. पाहुण्यांदेखत तिने शाळेची अब्रू घालवली."

"ती खरं बोलली. आणि सर, ती बोलली! तुम्ही ऐकलंत."

"मी काय शब्द दिला होता? वाक्यात तिचा वाटा दिसला पाहिजे. दिसला का?"

"ठोकळे चिकटवलेले असताना कसा दिसणार?"

"वाक्य बरोबर होतं ना?" त्यांनी शांतपणे विचारले. त्यांना खरोखर उत्तर हवे होते. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. ज्याला हा प्रश्न विचारावासा वाटतो, त्याला उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे? इतकी वर्षे व्याकरण शिकवणाऱ्या त्या बाईंनाही ते सापडले नाही.

त्या मला निदान घरी न्यायला तरी मागत होत्या. "बाबा म्हणतात, गरम पाण्याने शेकलं तर सरस सुटेल."

"आता ती शाळेची मालमत्ता आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "फोटो छापून यायचाय."

पुढच्या सत्रात बाईंना खालच्या मजल्यावर, अक्षरे गिरवणाऱ्या मुलांचा वर्ग मिळाला. माझ्या धाकट्या बहिणींपैकी एक खिडकीला अडसर म्हणून लागली, एक पिंपाखाली टेकू म्हणून. आमच्या जुन्या वर्गात आता शांतता असते. व्याख्यांचा आवाज येतो तेवढाच. वकील हल्ली वाद घालत नाही, असे मी ऐकते. सर्वांना तो सुधारला असे वाटते.

निकालानंतर गोगलगायीचा बाप तिचा दाखला न्यायला आला. मागोमाग तीही होती. मुख्याध्यापक सही करीत होते. बापाला बसायला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तो उभा राहून भिंतीवरच्या वस्तू पाहत होता. पाहता पाहता त्याची नजर माझ्यावर थांबली. तो एकेक शब्द लावीत वाचू लागला. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"आमची... शाळा... फार... सुंदर... आहे." तो लेकीकडे वळला. "हेच का ते? साहेबांसमोर करायचं होतं ते?"

तिची नजर 'आहे' या ठोकळ्यावर गेली.

"एवढंसं?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खोल गेला. "अगं, एवढं सोपं, एवढंही जमलं नाही तुला?"

मुख्याध्यापकांनी हे ऐकले. त्यांची लेखणी क्षणभर थांबली. एक वाक्य, एकच, त्यांनी त्या वेळी उच्चारायचे होते. ते त्यांना येत होते. त्यातले सारे शब्द त्यांच्यापाशी होते. त्यांनी सहीखाली तारीख घातली, कागद टीपकागदाने दाबला आणि पुढे केला.

मुलीने बापाकडे पाहिले, मग मुख्याध्यापकांकडे. मला वाटले, ती पुन्हा बोलेल. पण एकदा बोलून काय होते, हे तिला या शाळेने नीट शिकवले होते. तो धडा तिच्या पक्का लक्षात राहिला. बापाने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती दोघे जिना उतरून गेली. आत्याच्या दुकानात ती काजे करते, असे शिपाईमामा एकदा कोणाला तरी सांगत होते. काम सुबक आहे म्हणे. बोलत नाही म्हणे.

वाचकहो, मी अजून त्याच खिळ्यांवर आहे. माझ्यावरची धूळ दर आठवड्याला पुसतात, फुले दर वर्षी बदलतात. येणारे-जाणारे मला वाचतात आणि मान डोलावतात. माझ्या वाक्यात आजवर कोणालाही चूक सापडलेली नाही.

तुमच्यापैकी कोणी या खोलीत आलात, तर माझी तारीफ करू नका. एवढेच विचारा, की हे कोणी केले. मोठ्याने विचारा; उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवर बसू नका. आणि उत्तर मिळालेच नाही, तर मला खिळ्यावरून उतरवा आणि कढत पाणी ओता. माझे लाकूड फुगेल, रंग जाईल, कदाचित मी उभी चिरेन. चालेल मला. शब्द सुटे झाले पाहिजेत. ते गोळा करा, त्या शिवणाच्या दुकानात घेऊन जा, आणि तिच्यापुढे ठेवून गप्प बसा. तिच्यासाठी थोडे थांबा.